अ जीवनसत्त्व व गर्भविकृती

अ जीवनसत्त्व व त्याच्याशी रासायनिक दृष्ट्या संबंधित असलेली संयुगे (रेटिनॉइडे) यांचा गर्भाच्या, विशेषतः त्याच्या हातपायांच्या, घडणीशी निकटचा संबंध आहे. आहारात जीवनसत्त्व कमी पडले, तर अपाय होतो ही कल्पना सर्वपरिचित आहे. परंतु तेच जीवनसत्त्व अधिक झाल्यानेही गर्भात तितकीच गंभीर व्यंगे निर्माण होतात आणि पुष्कळदा ती त्याच इंद्रियांत होतात, ही गोष्ट प्रथम कोड्यासारखीच वाटली. तिचा उलगडा होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या काळातच या वर्गातील एक औषध बाजारात आले आणि प्राण्यांवरील प्रयोगांचा भरपूर पुरावा हाती असूनही मानवी अर्भकांत व्यंगे उद्‌भवली. औषधाच्या दुष्परिणामांची पूर्वसूचना असणे व ते टळणे यांत केवढे अंतर असू शकते, याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

अ जीवनसत्त्व (रेटिनॉल) हे मेदात विरघळणारे असून यकृत, दूध, लोणी, अंड्यातील बलक यांसारख्या प्राणिज पदार्थांत तयार स्वरूपात असते. वनस्पतींत ते नसते. मात्र हिरव्या पालेभाज्या, गाजर, पिकलेला आंबा, पपई इत्यादींतील कॅरोटिने या रंगद्रव्यांपासून शरीर ते तयार करते. शरीरात रेटिनॉलचे ऑक्सिडीभवन होऊन प्रथम रेटिनाल्डिहाइड व त्यापासून रेटिनॉइक अम्ल बनते. यांपैकी रेटिनाल्डिहाइड दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी रंगद्रव्याचा घटक आहे, तर गर्भाच्या वाढीचा संबंध मुख्यतः रेटिनॉइक अम्लाशी येतो. जास्त झालेले जीवनसत्त्व मूत्रावाटे निघून जात नाही; ते यकृतात साठते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

लोणी व अंड्यातील मेदात वाढीस आवश्यक असा एक घटक असतो, हे १९१३ मध्ये विस्कॉन्सिन येथे ई. व्ही. मॅकॉलम व मार्गेराइट डेव्हिस यांनी आणि त्याच वर्षी कनेक्टिकटमध्ये टी. बी. ऑझ्‌बर्न व एल्‌. बी. मेंडेल यांनी स्वतंत्रपणे दाखविले. रेटिनॉलची संरचना स्विस रसायनशास्त्रज्ञ पाउल कारर यांनी १९३१ मध्ये निश्चित केली.

न्यूनतेचे परिणाम : मातेच्या आहारातील उणिवेमुळे सस्तन प्राण्याच्या गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते, याचा पहिला स्पष्ट पुरावा अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या कृषी प्रयोग केंद्रात मिळाला. तेथील पशुसंवर्धनतज्ञ फ्रेड हेल यांनी गर्भधारणेपूर्वी काही महिने व गर्भकाळाच्या आरंभी अ जीवनसत्त्वरहित आहारावर ठेवलेल्या एका डुकरिणीला अकरा पिल्ले झाली. त्यांपैकी एकालाही नेत्रगोल नव्हते. हेल यांनी ही माहिती १९३३ मध्ये प्रसिद्ध केली. जन्मजात व्यंग म्हणजे आनुवंशिक दोष, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती; त्यामुळे हा दोष रक्तातूनच आलेला असावा, अशी शंका घेतली जाणे साहजिक होते. हेल यांनी या शंकेचे निरसन फार साध्या रीतीने केले. आंधळ्या पिल्लांना वाढवून, त्यांना पुरेसे जीवनसत्त्व देऊन त्यांच्यापासून प्रजा मिळविली; ती सर्व डोळस निघाली. पुढील प्रयोगांत दुभंगलेले ओठ व टाळू, जादा कान, भलत्याच ठिकाणी असलेली मूत्रपिंडे अशी इतर व्यंगेही त्यांना आढळली. पशुपालनाच्या एका केंद्रात झालेले हे काम वैद्यकाच्या जगात मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिले.

या विषयाला शिस्तबद्ध रूप दिले ते ओहायओ राज्यातील सिनसिनॅटी येथील बालरोगतज्ञ जोझेफ वॉर्कनी यांनी. जे. जी. विल्सन व सी. बी. रॉथ यांच्यासह १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी उंदरांच्या जातीतील घुशीसारख्या मोठ्या प्राण्यांत (रॅट) जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे होणाऱ्या व्यंगांची संपूर्ण मालिका मांडली : डोळे, हृदय व त्यातून निघणाऱ्या मोठ्या रोहिण्या, मध्यपटल, मूत्रमार्ग व जननेंद्रिये. त्यांनी न्यूनता असलेल्या माद्यांना गर्भकाळाच्या वेगवेगळ्या दिवशी जीवनसत्त्व दिले, तेव्हा ज्या इंद्रियाची घडण अजून व्हावयाची होती ते बचावले आणि ज्याची वेळ निघून गेली होती ते सदोषच राहिले. व्यंग कोणते होणार हे केवळ कारणावर नव्हे, तर त्या कारणाच्या वेळेवर अवलंबून असते, हे तत्त्व त्यातून दृढ झाले.

आधिक्याचे परिणाम : त्याच १९५३ साली न्यूयॉर्क येथील बालरोगतज्ञ एस्‌. क्यू. कोहलन यांनी नेमका उलटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गाभण रॅट माद्यांना रोज ३५,००० आंतरराष्ट्रीय एकके इतके अ जीवनसत्त्व दिले. जन्मलेल्या पिल्लांपैकी अनेकांचा मेंदू कवटीबाहेर उघडा पडलेला होता. काहींचे ओठ व टाळू दुभंगलेले आणि डोळे सदोष होते. मात्रा अर्थातच फार मोठी होती. तथापि कॉड माशाच्या यकृताचे तेल व जीवनसत्त्वाच्या गोळ्या सढळ हाताने देण्याच्या त्या काळात, पोषक म्हणून ओळखले जाणारे द्रव्यच गर्भाला घातक ठरू शकते, हा निष्कर्ष धक्कादायक होता. पुढील दोन दशकांत हे प्रयोग इतर अनेक प्राण्यांत करण्यात आले व निष्कर्ष सर्वत्र तोच निघाला. डी. एम्‌. कोछर यांनी १९६७ मध्ये रेटिनॉइक अम्ल हे रेटिनॉलपेक्षा कितीतरी अल्प मात्रेत विकृतिजनक ठरते असे दाखविले. खरा परिणाम या अम्लाचाच असावा, या तर्काला त्यामुळे बळकटी आली.

कोछर यांचे १९७३ मधील काम हातपायांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. हात व पाय प्रथम धडाच्या बाजूंवर उमटणाऱ्या लहान फुगवट्यांच्या (पादांकुरांच्या) रूपात दिसू लागतात. मानवी गर्भात ते चौथ्या आठवड्याच्या अखेरीस दिसतात आणि आठवा आठवडा संपेपर्यंत बोटे सुटी झालेली असतात. पिटुकल्या उंदराच्या (माउस) सुमारे एकोणीस दिवसांच्या गर्भकाळात हीच घडण अकराव्या दिवसाच्या आसपास चालू असते. त्या सुमारास रेटिनॉइक अम्लाची एकच मोठी मात्रा दिली असता हातापायांची लांब हाडे आखूड व वेडीवाकडी झाली आणि टाळू दुभंगला. दोन-तीन दिवस आधी दिलेल्या मात्रेने मेंदूवर आघात होतो. उशिरा दिलेल्या मात्रेचा परिणाम बोटांपुरता राहतो. ज्या पादांकुरातील कोशिकांनी कूर्चा (हाडाच्या आधीची मऊ चौकट) तयार करावयाची, त्यांचे ते काम या अम्लाने रोखले जाते.

पादांकुरावरील प्रयोग : केवळ नाश करणारे विष आणि घडणीचा आराखडाच बदलणारे द्रव्य यांत मूलभूत फरक आहे. रेटिनॉइक अम्ल दुसऱ्या प्रकारचे आहे, हे ज्या प्रयोगांनी दाखविले ते गर्भविज्ञानातील अत्यंत विलक्षण प्रयोगांत गणले जातात. त्यांची पूर्वपीठिका अशी : अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन साँडर्स व मेरी गॅसेलिंग यांनी १९६८ मध्ये असे दाखविले होते की, कोंबडीच्या पिल्लाच्या पंखाच्या अंकुरातील मागच्या कडेचा लहानसा तुकडा काढून दुसऱ्या अंकुराच्या पुढच्या कडेला बसविला, तर त्या पंखाला जादा बोटे फुटतात व ती मूळ बोटांची आरशातील प्रतिमा असावी अशा क्रमाने असतात. पंखाच्या बोटांचा प्रचलित क्रम दुसरे, तिसरे, चौथे असा मानला, तर प्रयोगानंतर तो चौथे, तिसरे, दुसरे, दुसरे, तिसरे, चौथे असा होतो. मागच्या कडेतून कसलातरी संदेश पसरत असावा व त्याच्या तीव्रतेवरून प्रत्येक कोशिका आपले स्थान ओळखत असावी, असे स्पष्टीकरण ब्रिटिश जीववैज्ञानिक लुइस वोल्पर्ट यांनी मांडले. हा संदेश वाहणारे द्रव्य कोणते, हे मात्र ज्ञात नव्हते.

चेरिल टिकल, वोल्पर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये रेटिनॉइक अम्लात भिजविलेला कागदाचा बारीक तुकडा पंखाच्या अंकुराच्या पुढच्या कडेला ठेवून पाहिला. परिणाम अगदी मागच्या कडेचे ऊतक (समान कार्याच्या कोशिकांचा समूह) बसविल्यासारखाच झाला. अम्ल थोडे असता एकच जादा बोट आले, वाढविल्यावर बोटांची संख्या व क्रम पूर्ण झाला आणि फारच वाढविल्यावर पंखच खुंटला. एकच द्रव्य एका मात्रेत जादा बोटे आणि दुसऱ्या मात्रेत बोटांचा अभाव घडवून आणते, हे येथे एकाच प्रयोगात दिसून आले.

याहून आश्चर्यकारक निरीक्षणे तुटलेले अवयव पुन्हा वाढविण्याची क्षमता असलेल्या प्राण्यांत मिळाली आणि त्यांचा आरंभ भारतात झाला. जयपूर येथील राजस्थान विद्यापीठातील आय्‌. ए. नियाझी व एस्‌. सक्सेना यांनी भेकाच्या डिंभांचे (बेडूकमाशांचे) पाय कापून त्यांना अ जीवनसत्त्वाच्या द्रावात ठेवले. पुनर्जनित पाय अपसामान्य व जादा भाग असलेले निघाले. हा शोधनिबंध १९७८ मध्ये एका पोलिश नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी ब्रिटनमधील माल्कम मेडन यांनी ॲक्सोलॉटल या मेक्सिकन सॅलॅमँडरावर तसेच प्रयोग करून त्यांना पुष्टी दिली. एरवी मनगटाशी कापलेल्या हाताला पुन्हा फक्त पंजा फुटतो. जीवनसत्त्वाच्या सान्निध्यात मात्र मनगटापासून पुढे दंड, कोपर, प्रबाहू व पंजा असा संपूर्ण नवा हात वाढला. आपण मनगटाच्या नव्हे, तर खांद्याच्या जागी आहोत असाच जणू कापलेल्या टोकाच्या कोशिकांचा समज झाला होता. भुवनेश्वर येथील उत्कल विद्यापीठात प्रियंवदा महांती-हेजमाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका भारतीय बेडकाच्या डिंभांची शेपटी कापून त्यांना अ जीवनसत्त्व दिले, तेव्हा शेपटीच्या जागी चक्क पाय फुटले. १९९२ मध्ये नेचर या नियतकालिकात हे वृत्त आले, तेव्हा त्यावर विश्वास ठेवणे अनेकांना जड गेले. पुढच्याच वर्षी मेडन यांना युरोपीय बेडकात तोच परिणाम मिळाला. साध्या साधनांनिशी केलेल्या या भारतीय संशोधनाला पाठ्यपुस्तकांत मिळते त्यापेक्षा अधिक स्थान मिळावयास हवे.

कार्यपद्धती : रेटिनॉइक अम्ल कोशिकेत कोठे कार्य करते, याचे उत्तर १९८७ मध्ये मिळाले. फ्रान्समधील स्ट्रॅस्‌बर्ग येथे प्येर शांबाँ यांच्या आणि कॅलिफोर्नियात रॉनल्ड एव्हान्स यांच्या गटाने या अम्लाशी बद्ध होणारे ग्राही प्रथिन एकाच वेळी शोधून काढले. स्टेरॉइड हॉर्मोनांच्या ग्राहींशी त्याचे साम्य आहे. ते कोशिकाकेंद्रकात असते व अम्ल जोडले गेले की, विशिष्ट जीनांचे कार्य चालू किंवा बंद करते. यावरून अ जीवनसत्त्व गर्भात अन्नघटकाप्रमाणे नव्हे, तर हॉर्मोनाप्रमाणे आज्ञा देण्याचे काम करते हे स्पष्ट झाले. शांबाँ यांच्या गटाने पुढे या ग्राहींचे जीन निकामी केलेले उंदीर निर्माण केले. त्यांच्या पिल्लांत वॉर्कनी व विल्सन यांनी चाळीस वर्षांपूर्वी नोंदविलेली बहुतेक सर्व व्यंगे आढळली.

पंखाच्या अंकुरातील तो संदेश म्हणजे रेटिनॉइक अम्लच, असा समज १९८७ मध्ये दृढ झाला होता. त्या वर्षी क्रिस्टिना टॅलर व ग्रेगोर आयखेले यांना अंकुरात हे अम्ल नैसर्गिक रीत्या असल्याचे व मागील भागात अधिक असल्याचे आढळले होते. परंतु हा समज टिकला नाही. अम्लाने पुढच्या कडेच्या कोशिकांना मागच्या कडेचे गुणधर्म प्राप्त होतात, असे १९९१ मध्ये दिसून आले. म्हणजे ते स्वतः संदेश नसून संदेश देणारे केंद्र निर्माण करते. प्रत्यक्ष संदेश सॉनिक हेजहॉग या प्रथिनाचा असल्याचे क्लिफर्ड टॅबिन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखविले. गर्भातील नैसर्गिक अम्लाचे हातपायांच्या घडणीतील नेमके कार्य कोणते, यावर अद्याप मतभेद आहेत. पुढील पायांचा अंकुर फुटण्यास ते आवश्यक असते, ही गोष्ट निश्चित आहे. ते तयार करणाऱ्या एंझाइमाचा अभाव असलेल्या उंदरांच्या गर्भांत हे अंकुर फुटतच नाहीत, असे १९९९ मध्ये आढळले. खांद्यापासून बोटांपर्यंतचा क्रम ठरविण्यातही त्याचा वाटा आहे काय, हा वादाचा मुद्दा आहे. मात्र अंकुराच्या टोकाकडील भागात या अम्लाचा नाश करणारे एक एंझाइम कार्य करते व ते नसल्यास हातपाय खुरटे राहतात, असे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. अंकुराच्या टोकाला हे अम्ल नकोच असते. बाहेरून दिलेली मोठी मात्रा ही व्यवस्था मोडून टाकते. आधिक्याने हातपायांत व्यंग का निर्माण होते, याचे हे उत्तर आहे.

मानवातील अनुभव : थॅलिडोमाइड या शामक औषधाने १९५७ ते १९६१ या काळात हजारो मुले खुंटलेल्या हातापायांची जन्मली होती. रॅट व माउस यांच्यावर त्या औषधाचा तसा परिणाम होत नाही. त्यामुळे प्राण्यांवरील चाचण्यांवर विसंबून चालणार नाही, असा धडा अनेकांनी घेतला. रेटिनॉइडांची कथा याच्या उलट आहे. आयसोट्रेटिनॉइन (१३-सिस रेटिनॉइक अम्ल) हे औषध तीव्र स्वरूपाच्या, गाठी व व्रण पडणाऱ्या तारुण्यपीटिकांवर अतिशय गुणकारी ठरले व १९८२ मध्ये अमेरिकेत ‘ॲक्यूटेन’ या नावाने विक्रीस आले. ते प्राण्यांत विकृतिजनक असल्याचे आधीच माहीत होते आणि गर्भवतींनी ते घेऊ नये, अशी सूचना पहिल्यापासून छापलेली होती. परंतु तारुण्यपीटिकांचा विकार ज्या वयात होतो, तेच वय गर्भधारणेचेही असते. शिवाय आपण गर्भवती आहोत हे स्त्रीला कळण्यापूर्वीच गर्भाच्या इंद्रियांची घडण सुरू झालेली असते. व्यंग असलेल्या अर्भकांची वृत्ते १९८३ मध्येच येऊ लागली.

एडवर्ड लॅमर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा १५४ गर्भधारणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९५ गर्भपात करवून घेतलेले होते, १२ आपोआप झाले, २६ अर्भकांत मोठे व्यंग नव्हते आणि २१ अर्भके सव्यंग होती. बाह्यकर्ण नसणे किंवा अगदी लहान असणे, खालचा जबडा लहान असणे, दुभंगलेला टाळू, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रोहिण्यांची चुकीची रचना, यौवनलोपी ग्रंथीची अपुरी वाढ आणि मेंदूतील दोष, असे या व्यंगांचे स्वरूप होते. भावी मज्जानलिकेच्या कडांवरून सुटून चेहरा, कान व हृदय यांच्याकडे स्थलांतर करणाऱ्या कोशिकांवर मुख्य आघात होतो, असा निष्कर्ष त्यावरून निघाला. लक्षणीय बाब ही की, प्राण्यांत इतक्या ठळकपणे दिसणारी हातापायांची व्यंगे या अर्भकांत क्वचितच होती. प्राण्यांनी धोक्याची सूचना अचूक दिली. धोक्याचे रूप मात्र तंतोतंत तेच नव्हते.

सोरियासिस या त्वचाविकारावरील एट्रेटिनेट हे रेटिनॉइड वेगळ्या कारणाने अधिक धोकादायक ठरले. आयसोट्रेटिनॉइन शरीरातून लवकर निघून जाते व ते थांबविल्यावर एक महिना गर्भधारणा टाळणे पुरेसे मानले जाते. एट्रेटिनेट मात्र मेदात साठून राहते. काही रुग्णांच्या रक्तात ते उपचार थांबविल्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ सापडले. अमेरिकेत ते १९९८ मध्ये मागे घेण्यात आले. त्याची जागा घेणारे ॲसिट्रेटिन त्वरित उत्सर्जित होते. परंतु सोबत मद्य घेतल्यास शरीरात त्याचे पुन्हा एट्रेटिनेट बनते. म्हणून ते थांबविल्यावर तीन वर्षे गर्भधारणा टाळावी, असे अमेरिकेत सांगितले जाते.

निर्बंध क्रमाक्रमाने कडक होत गेले. अमेरिकेत १९८८ मध्ये वेष्टनावर चित्रे व रुग्णाचे संमतिपत्र असलेला प्रतिबंधक कार्यक्रम आला. २००२ मध्ये तो बदलण्यात आला. २००६ पासून औषध देणारा डॉक्टर, विक्रेता व रुग्ण या सर्वांची नोंदणी, गर्भधारणेच्या वारंवार चाचण्या व संततिप्रतिबंधाची दोन साधने यांची सक्ती झाली. इतके करूनही गर्भधारणा थांबल्या नाहीत. २००६ च्या व्यवस्थेने आधीच्या व्यवस्थेपेक्षा फारसा फरक पडला नसल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. मुळात केवळ तीव्र विकारासाठी असलेले हे औषध सौम्य मुरुमांवरही सर्रास दिले जाऊ लागले, हे याचे एक कारण मानावे लागेल. भारतातही हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच देण्याचा नियम आहे.

आहार व गर्भावस्था : औषधी मात्रांविषयी शंका उरलेली नाही, आहार व पूरक गोळ्यांतील जीवनसत्त्वाची सुरक्षित मर्यादा ठरविणे मात्र कठीण आहे. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने १९९० मध्ये गर्भवतींनी यकृत (कलेजी) खाऊ नये असा सल्ला दिला; जनावरांच्या खाद्यातील जीवनसत्त्वामुळे यकृतातील त्याचे प्रमाण फार वाढलेले होते. बॉस्टन येथील केनेथ रॉथमन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये २२,७४८ गर्भवतींच्या पाहणीवरून असा निष्कर्ष काढला की, पूरक गोळ्यांतून रोज १०,००० एककांहून अधिक तयार जीवनसत्त्व घेणाऱ्या स्त्रियांच्या सुमारे ५७ अर्भकांमागे एकाच्या व्यंगास हे आधिक्य कारणीभूत असावे. व्यंगांच्या वर्गीकरणावरून या निष्कर्षावर बरीच टीका झाली व इतर काही पाहण्यांत त्याला पुष्टी मिळाली नाही. तरी १०,००० हा आकडा सावधगिरीची मर्यादा म्हणून रूढ झाला.

ज्या देशांत न्यूनता हाच मोठा प्रश्न आहे, तेथे ही मर्यादा आखताना दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. भारतात बालकांतील अंधत्व टाळण्यासाठी १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात लहान मुलांना सहा महिन्यांच्या अंतराने २,००,००० एककांची मात्रा तोंडाने दिली जाते; ती यकृतात साठते, हाच या योजनेचा आधार आहे. परंतु मुलाला उपकारक असलेली हीच मात्रा गर्भवतीला देता येत नाही. न्यूनता तीव्र असलेल्या प्रदेशांतील गर्भवतींना रोज १०,००० किंवा आठवड्यातून एकदा २५,००० एककांपर्यंतच मात्रा द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पालेभाज्या व पिवळ्या फळांतील कॅरोटिनांना ही मर्यादा लागू नाही. शरीर त्यांचे रूपांतर गरजेनुसार करीत असल्याने त्यांच्यापासून अतिरिक्त रेटिनॉल बनत नाही व गर्भविकृतीशी त्यांचा संबंध आढळलेला नाही.